तीन ‘ला’ आणि एक ‘तो’

तमाम रसिक, व्याकरणप्रेमी आणि पोलीस पाटील यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सांगली मुक्कामी भरलेल्या एका कविसंमेलनातून, भर दुपारी, भरल्या सभागृहातून तीन ‘ला’ आणि एक ‘तो’ बेपत्ता झाले आहेत. बांधा एका अक्षराचा, अंगावर काना, एकाच्या डोक्यावर मात्रा. त्यांच्या जागी तीन ‘ली’ आणि एक ‘ते’ साळसूदपणे बसलेले आढळून आले. शोध लागल्यास कळवण्याची तसदी घेऊ नये. चोर सापडलेला आहे. चोर मीच आहे.

आता मी कुठं कविता वाचायला गेलो की पत्रिकेत छापतात, ‘उघडपणे समलिंगी असलेले ज्येष्ठ कवी’. यातल्या ‘ज्येष्ठ’ शब्दाला माझा तीव्र आक्षेप आहे. माझे केस गळलेत, वय नाही. ‘उघडपणे’ वाचलं की मात्र मला रविवारीसुद्धा चालू असणाऱ्या रेशन दुकानाची आठवण होते आणि बरं वाटतं. लोकांना वाटतं, हा माणूस जन्मतःच असा धीट असणार. पोरंपोरी येऊन विचारतात, ‘सर, तुम्ही त्या काळात कसं केलं हो?’ मी मिशीला पीळ देतो, दोन विनोद सांगतो, टाळ्या घेतो. त्या काळात मी काय केलं ते मात्र सांगत नाही. ते इथं सांगतो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी साताऱ्यात एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. आठवीच्या वर्गात लिंगविचाराचा धडा आला की सगळे बाक खुसुखुसू हसायचे. मी हसू संपेपर्यंत खडू हातात धरून थांबायचो आणि मग सांगायचो, ‘‘हसा. पण मराठीत लिंगापासून कोणाची सुटका नाही. तो दगड, ती वीट, ते ढेकूळ. निर्जीवाला सोडलं नाही, तुम्हाला काय सोडणार?’’

माझी तर अजिबातच सुटका नव्हती. कारण मी प्रेमकविता लिहीत होतो.

मराठीत प्रेम करायचं म्हणजे तहसील कचेरीत अर्ज करण्यासारखं आहे. खिडकीतला कारकून मान वर न करता विचारतो, स्त्री की पुरुष? खूण करा. ‘तू’ म्हणेपर्यंत ठीक असतं. ‘तू’ला काही चिकटलेलं नसतं. पण ‘तू’नं काही केलं रे केलं, की क्रियापद चुगली करतं. तू आलास की आलीस? हसतोस की हसतेस? आधी ते ठरवा, मग प्रेम करा.

पण भाषा कितीही कडक असली तरी तिनं एक मागचं दार ठेवलेलं आहे, आणि ते मला कोणत्याही वैयाकरणाच्या आधी सापडलं, कारण मला पळायची घाई होती. ते दार म्हणजे भविष्यकाळ. ‘तू येशील.’ कोण येशील? कोणीही येशील. गडी, बाई, टपालवाला. ‘तू बसशील, तू हसशील.’ कारकुनाला खूण करायला चौकटच नाही! फारच अडलं तर आज्ञार्थ: ये, बस, थांब. असं करत मी वह्यांमागून वह्या भरल्या. माझ्या पहिल्या संग्रहात एकही माणूस आलेला नाही. सगळे येणार आहेत. एस.टी.च्या वेळापत्रकात असतं तसं.

आणि काय सांगू, तो संग्रह गाजला! एका वडीलधाऱ्या समीक्षकांनी लिहिलं की, या कवीला भूतकाळाचं ओझं नाही, हा उद्याकडे पाहणारा कवी आहे, आपल्या मातीतला हा ताजा आशावाद आहे. मी ते कात्रण खिशात घालून राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलो आणि चालत परत आलो. आशावादी! माझ्या भित्रेपणाला इतकं सुंदर नाव तोवर कोणी दिलं नव्हतं.

मग मला आमंत्रणं येऊ लागली. त्यातलं एक तासगावजवळच्या गावचं होतं. द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता म्हणून बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्येच कविसंमेलन ठेवलेलं. बेदाणे वाळवायच्या जाळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या, तरी त्यांचा आंबटगोड वास होताच. मी वाचायला उभा राहिलो. माझी हुकमी कविता. येशील, बसशील, हसशील, पुसशील. तिसऱ्या ओळीलाच कर्ण्यानं अशी शिट्टी मारली की पुढं बसलेल्या बायांनी कानावर हात ठेवले.

बाजूला अ‍ॅम्प्लिफायरपाशी एक माणूस मांडी घालून बसला होता. माझ्याच वयाचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. तो स्पीकरवाला. लग्न, बारसं, सत्यनारायण, निवडणूक, कविता, सगळ्याला त्याचाच माईक. तो उठून आला, माझ्या तोंडापासून माईक चार बोटं लांब केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला,

‘‘सर, तुमच्या कवितंत ‘शील’ लय हाय. माईकला सोसंना.’’

शेड हसली. मीही हसलो. पण मोठमोठ्या विद्वानांना जे दिसलं नव्हतं ते या माणसाला कानानं कळलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर तो वायर गुंडाळत होता. अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये वायरीचे वेढे घ्यायची त्याची एक लय होती. मी उगाचच जवळ जाऊन उभा राहिलो.

‘‘तुमी समदं फुडचंच का वं लिवता?’’ त्यानं मान वर न करता विचारलं.

‘‘आशावाद,’’ मी म्हणालो.

‘‘असंल,’’ तो म्हणाला. ‘‘आमी आपलं म्हनलं, का कुनाला तरी लपवलंय.’’

पुढच्या महिन्यात तो साताऱ्याला आला. कसलासा सुटा भाग घ्यायला आलो होतो, म्हणाला. तो भाग सांगलीत मिळत होता हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. सोमवारी लग्नाचे मुहूर्त नसले की तो कऱ्हाडला गाडी बदलून यायचा. आमचं घर दोन खोल्यांचं. वडील फौजेतून निवृत्त होऊन आले आणि दोनच वर्षांत गेले, तेव्हापासून आई आणि मी. आईचा रेडिओ त्यानं पहिल्याच खेपेला उघडला आणि तो असा दुरुस्त केला की तिला शेतीविषयक कार्यक्रम शेजाऱ्यांपेक्षा मोठ्यानं ऐकू येऊ लागला. तेव्हापासून तो तिचा झाला. ‘‘आरं, ह्या सोमवारी स्पीकरवाला येनार न्हाई व्हय?’’ असं ती मला शनिवारपासून विचारायची.

काय झालं, कसं झालं, याची माझ्याकडं फार मोठी गोष्ट नाही. एका दुपारी आई देवळात गेली होती आणि तो माझा टेपरेकॉर्डर उघडून बसला होता. स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मी दिला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझा हात तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग म्हणाला, ‘‘ह्यो न्हाई हो दुरुस्त व्हायचा.’’ टेपरेकॉर्डरबद्दलच म्हणाला असावा. मला ‘अहोजाहो’ करण्याची ती शेवटची वेळ. त्यानंतर मी त्याचा ‘मास्तर’ झालो आणि ‘मास्तर’ हा शब्द जगात इतक्या प्रकारे उच्चारता येतो हे मला कळलं.

दोन वर्षं गेली. मी सुखात होतो आणि सुखातला माणूस जसा ऐदी होतो तसा ऐदी झालो होतो. एकदा आम्ही चारभिंतीच्या टेकडीवर बसलो होतो. खाली सगळा सातारा उन्हात पसरलेला. त्यानं पिशवीतून माझा संग्रह काढला. पानं दुमडलेली, एका पानावर सोल्डरिंगचा डाग.

‘‘मास्तर, ह्यात मी कुठं हाय?’’

‘‘सगळीकडं आहेस.’’

‘‘सगळीकडं मी येनार हाय. आलोय कवा?’’ त्यानं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. ‘‘दोन वर्सं झाली, मी दोन गाड्या करून येतोय. कंडाक्टर मला नावानं वळखाय लागला. आन् तुझ्या वहीत मी अजून वाटंवरच. कुठं पंक्चर झालो रं मी?’’

मी मास्तरच. त्याला बोटं मोजून व्याकरण समजावलं. भूतकाळ, वर्तमानकाळ, कुठं चुगली होते, कुठं होत नाही. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. आठवीच्या वर्गानं कधी ऐकलं नसेल इतकं.

‘‘म्हंजी ‘आलास’ लिवलं की समद्यांना कळनार.’’

‘‘हो.’’

‘‘मग लिव की.’’

मी लिहिली. आठ दिवसांत लिहिली. माझ्या आयुष्यात तोवर लिहिलेली एकमेव कविता, जिच्यात कोणीतरी आलेलं होतं. ती अशी सुरू व्हायची:

तू आलास.
चपला उंबऱ्याबाहेर काढल्यास.
पाणी नको म्हणालास
आणि बसलास,
जणू रोजच बसतोस.

आणखी दहा-बारा ओळी होत्या, पण त्यांत सगळ्या वस्तूच होत्या: खिडकी, रेडिओ, उन्हाची तिरीप. माणूस होता तो या पाच ओळींत. त्यानं त्या ओळींखालून बोट फिरवत फिरवत वाचलं. मग कागद घडी करून माझ्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, ‘‘हं. आता आलो.’’

तिथंच थांबलं असतं तर मी आज तुम्हाला एक गोड गोष्ट सांगत असतो.

पण त्याच्या घरी स्थळ आलं. जतकडचं. मुलगी शिकलेली, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आधीची चार स्थळं त्यानं काही ना काही कारण सांगून परतवली होती. आता कारणं संपली होती. मंडळी रविवारी सुपारी फोडायला यायची होती. आणि आदल्याच दिवशी, शनिवारी, सांगलीत मोठं कविसंमेलन होतं. कवींत मी होतो. स्पीकर त्याचा होता.

‘‘मला घरी ‘न्हाई’ म्हनायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘कारन न सांगता. निस्तं ‘न्हाई’. बाप काठी घिईल, आई पदर तोंडाला लावंल. मी हुबा ऱ्हाईन. पर येकट्यानं नको वाटतंय गड्या. तू शनिवारी समद्यांफुडं ‘आलास’ म्हन. मी रविवारी ‘न्हाई’ म्हनतो. तुझा येक शबुद, माझा येक शबुद.’’

‘‘एवढंच ना?’’ मी म्हणालो.

एवढंच. मी शब्द दिला. शब्द देणं हा तर माझा धंदाच होता.

शनिवारी मी सकाळच्या गाडीनंच सांगलीला पोचलो. तो माझ्याआधी येऊन बसलेला. त्यानं नवे बॉक्स आणले होते; जुन्या कर्ण्यांवर त्याचा त्या दिवशी भरवसा नव्हता. सभागृह रिकामं होतं, खुर्च्यांपुढच्या सतरंज्या अजून अंथरायच्या होत्या. मला त्यानं स्टेजवर उभं केलं आणि स्वतः पार शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

‘‘बोल!’’

‘‘हॅलो, हॅलो.’’

‘‘हॅलो नगं. शबुद बोल.’’

मी इकडंतिकडं पाहिलं. एक बाई केर काढत होती, तेवढीच. मी माईकमध्ये म्हणालो, ‘‘आलास.’’

तो शब्द भिंतीला जाऊन परत आला. शेवटच्या रांगेतून त्यानं हात वर केला. ‘‘लय साफ!’’ तो ओरडला. ‘‘शेवटच्या खुर्चीपातूर ‘ला’ येतोय!’’

म्हणजे मला म्हणता येत होतं. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. जीभ चालत होती, घसा साफ होता, माईक उत्तम होता.

दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत पाहतो तर आमचे हेडमास्तर! सोबत संस्थेतले दोन गृहस्थ. आपल्या शाळेतला शिक्षक सांगलीच्या मंचावर वाचणार म्हणून ही मंडळी मुद्दाम जीप करून आलेली. हेडमास्तरांनी मला पाहून लांबूनच हात हलवला. मांडीवर शाल होती. ती बहुधा मलाच द्यायची होती. मी तुम्हाला खरं सांगतो, मला कोणी धमकी दिली नव्हती. कोणी डोळे वटारले नव्हते. माझा गळा कोणी आवळला असेल तर तो त्या शालीनं, आणि तिची अजून घडीसुद्धा उलगडलेली नव्हती.

माझं नाव पुकारलं. सूत्रसंचालक म्हणाले, ‘‘आता येत आहेत उद्याचे कवी!’’ मी माईकपाशी गेलो. त्यानं बटणावर बोट ठेवलं होतं आणि माझ्याकडं पाहत होता. मी कागद उघडला. आणि वाचलं:

तू आलीस.

पहिला ‘ला’ गेला. एकवेळ म्हणता येईल की जीभ घसरली. माणसाची घसरते. पण मराठी भाषा फार कसोटी पाहणारी. एकदा ‘आलीस’ म्हटलं की पुढं ‘म्हणालीस’ म्हणावं लागतं, ‘बसलीस’ म्हणावं लागतं, ‘बसतेस’ म्हणावं लागतं. दर ओळीला ती तुम्हाला थांबवून विचारते, अजून वेळ आहे, बदलायचंय का? मी चारही ठिकाणी सांभाळून, सफाईनं, एकही चूक न करता व्याकरण बरोबर ठेवलं. मराठीचा शिक्षक होतो ना मी.

टाळ्या पडल्या. उद्याच्या कवीनं पहिल्यांदाच भूतकाळात लिहिलं होतं आणि त्याच्या घरी चक्क एक मुलगी आली होती! मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘वन्स मोअर!’’ मग चारपाच जण ओरडले. हेडमास्तरसुद्धा मान डोलावत होते.

देवानं मला दुसरी संधी दिली नाही असं मी कधी म्हणू शकत नाही. सांगलीकरांनी दिली. मी त्याच्याकडं पाहिलं. तो हसला नाही, रागावला नाही. त्यानं आवाजाचं बटण अलगद एक घर पुढं केलं. म्हण, म्हणजे. मी आहे.

आणि मी दुसऱ्यांदा वाचलं: तू आलीस. या वेळी तर मी ‘ली’वर जरा रेंगाळलो. लोकांना आवडली होती ना ती.

कार्यक्रमानंतर शाल घेऊन, चहा घेऊन, संस्थेच्या गृहस्थांना नमस्कार करून मी स्टेजमागं गेलो. तो वायर गुंडाळत होता. अंगठा, कोपर, अंगठा, कोपर. लय तीच.

‘‘कोन आली व्हती?’’ त्यानं विचारलं.

‘‘अरे, समोर हेडमास्तर होते. संस्थेचे…’’

‘‘त्ये न्हवं इचारलं. पानी नगं म्हनाली, चपला भाईर काढल्या, बसली. कोन व्हती? मला बी दाव की येकदा. दोन वर्सं तुझ्या घरी येतोय, मला कधी दिसली न्हाई.’’

आणि मी हसलो. मला वाटलं, तो थट्टा करतोय. थट्टा करतोय म्हणजे मिटलं. मला हसताना पाहून तोही हसला. आम्ही दोघं त्या वायरींच्या ढिगाऱ्यात उभे राहून हसलो. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कशाची लाज वाटत असेल तर ती त्या ‘ली’पेक्षा त्या हसण्याची जास्त वाटते.

‘‘पुढच्या वेळी नक्की म्हणेन,’’ मी म्हणालो.

त्यानं माईक पंच्यानं पुसला, पेटीत ठेवला, झाकण लावलं. ‘‘झालं,’’ तो म्हणाला. ‘‘परत भविष्यकाळ.’’

रविवारी सुपारी फुटली. त्यानं ‘न्हाई’ म्हटलं नाही. का म्हणावं? कोणासाठी? आणि त्या जतच्या मुलीबद्दल तर मी आजही चारचौघांत तोंड उघडू शकत नाही. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. आम्ही दोघांनी आमच्यात एक शब्द ठरवला, मी तो खाल्ला, आणि त्याची शिक्षा एका तिऱ्हाईत मुलीच्या पदरात पडली.

पत्रिका आमच्या पत्त्यावर आली, आईच्या नावानं. माझं नाव ‘सहकुटुंब’मध्ये होतं. मी आईला सांगितलं की सहामाहीचे पेपर तपासायचेत. आईनं माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं, लुगडं बदललं आणि एकटी एस.टी.नं तासगावला गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. मी पेपरांच्या गठ्ठ्यामागं बसलो होतो.

‘‘कसं झालं लग्न?’’

‘‘झालं,’’ ती म्हणाली. ‘‘पर स्पीकर दुसऱ्याचा व्हता. नुसता शिट्ट्या मारत व्हता. मंगलाष्टकं कोन म्हनतंय काय कळंना. नवरा आपला माईककडं बघतोय आन् बघतोय.’’

मी एका उत्तरपत्रिकेत ‘तो नदी’ला तांबड्या शाईनं गोल केला. आई आणखी काही म्हणेल म्हणून वाट पाहिली. ती आत गेली आणि रेडिओ लावला.

तो पुन्हा आला नाही. कोणीतरी सांगितलं, त्यानं स्पीकरचा धंदा मोडला आणि सासरवाडीकडं पाण्याचा टँकर चालवतो. मी त्याला पत्रं लिहिली. सगळी भूतकाळात, सगळी व्याकरणशुद्ध. एकही टाकलं नाही. आता त्या घरात कोण पत्र उघडेल ते मला माहीत नव्हतं, आणि माझ्या धाडसाची किंमत आता त्याला द्यावी लागली असती. धाडसाचीही वेळ असते. एका शनिवारी ते माझ्या हातात होतं आणि तेव्हा ते फुकट होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर तीन-चार वर्षं मी काही छापलं नाही. मग, ते दशक संपत आलं तेव्हा, दुसरा संग्रह काढला. सगळा भूतकाळ. आलास, बसलास, हसलास, गेलास. कुठं पडदा नाही. आणि आता खरी गंमत ऐका. छापखान्यातल्या मुद्रितशोधकानं, बिचारा फार सज्जन माणूस, प्रुफाबरोबर मला दोन पानांचं शुद्धिपत्र पाठवलं. ‘आलास’च्या जागी ‘आलीस’ वाचावे. ‘बसलास’च्या जागी ‘बसलीस’ वाचावे. खाली नम्र टीप: ‘सर, घाईत लिंग चुकले आहे.’ मी त्याला भेटून सांगितलं, ‘‘चुकलेलं नाही.’’ त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, ‘‘मग तसंच ठेवू.’’ त्या माणसाला इतकं सोपं गेलं. मला पहिल्या संग्रहापासून इथवर यायला आठ वर्षं लागली होती.

पहिल्या संग्रहाला डोक्यावर घेणाऱ्या समीक्षकांनी लिहिलं की, कवी आता भूतकाळात रमू लागला आहे, त्याच्यातला आशावाद हरपला. आमच्या हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं, खिडकीबाहेर पाहत दहा मिनिटं हवापाण्यावर बोलले, आणि पुढच्या सत्रापासून व्याकरणाचा तास माझ्याकडून काढून मला ग्रंथालय सांभाळायला दिलं. नोकरी गेली नाही. आकाश कोसळलं नाही. शिक्षकांच्या खोलीत दोघातिघांनी माझ्या शेजारी बसणं सोडलं. एकानं, ज्याच्याशी मी कधी धड बोललोही नव्हतो, माझ्या शेजारी बसायला सुरुवात केली. ज्याला भिऊन मी तो शब्द गिळला होता, ते एवढंच होतं. त्याहून मोठं असतं तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू.

संग्रहाच्या निमित्तानं साताऱ्यातल्या एका छोट्या सभागृहात वाचन ठेवलं. पन्नासेक खुर्च्या, निम्म्या भरलेल्या. स्पीकर भाड्याचा, खरखर करणारा. आई म्हणाली, ‘‘म्या येनार.’’ ती माझ्या कवितेला तोवर कधी आली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं आणि मी तिला कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. तिला सांगितलंही काही नव्हतं. मी म्हटलं, चला, हिला व्याकरणच सांगेल. ती पहिल्या रांगेत बसली, नऊवारीचा काष्टा सावरून, हातात पिशवी घट्ट धरून, एस.टी.त बसतात तशी.

मी ती कविता शेवटी ठेवली होती. तिच्यात आता एक शेवटचं कडवं वाढलं होतं. ते सांगलीत नव्हतं, कारण तोवर ते घडलं नव्हतं.

तू आलास, मी वाचलं. पाणी नको म्हणालास. बसलास. जणू रोजच बसतोस.

चारही अक्षरं आपापल्या जागी गेली. भाड्याच्या माईकनंसुद्धा शिट्टी मारली नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागचं दार पाहिलं. उघडंच होतं, आणि त्यातून कोणी येत नव्हतं. मी शेवटचं कडवं वाचलं:

तू गेलास.
कोपऱ्यातल्या वायरीला
अजून तुझ्या कोपराचा पीळ आहे.

मी कागद खाली केला. टाळ्या नाहीत. त्या सगळ्यांना कळलं होतं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो ‘ला’ जाऊन बसलेला मला दिसत होता आणि आता या ‘ला’चं काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. मी आईकडं बघायचं टाळत होतो. तेवढ्यात ती पिशवी छातीशी धरून अर्धी उठली आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, कळवळून म्हणाली,

‘‘आरं, मग न जेवताच गेला व्हय त्यो?’’